डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर समुद्राआधी माणसं पाहा

डहाणू, नरपड, चिखले, बोर्डी आणि पुढे तलासरी तालुक्यातलं झाई. हा किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि भरतीला तितक्याच वेगाने परत येतं. उधाणाला दोन्हींतला फरक चार मीटरहून जास्त असतो.

म्हणूनच इथे आलात की आधी थोडा वेळ स्थानिकांकडे बघा. पाणी चढू लागलं की ते माघारी वळतात, तेव्हा आपणही वळावं.

📌 कोकणातलं जुनं गणित : तिथीला पाऊणने गुणा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते.

📌 लाल-पिवळा झेंडा : जीवरक्षक हजर. लाल झेंडा : पाण्यात उतरू नका.

📌 जीवरक्षक शिट्टी वाजवतो ती धोका दिसल्यावरच. लगेच बाहेर या.

📌 कुणी बुडताना दिसलं तर स्वतः उडी घेऊ नका. आरडाओरडा करा, दोर किंवा रिकामा कॅन फेका, ११२ लावा.

जानेवारी २०१८ मध्ये याच डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांची बोट उलटून मुलींचे जीव गेले. सहलीला निघालेल्या प्रत्येक ग्रुपपर्यंत ही पोस्ट पोहोचवा.