ध्वनिमुद्रिकेवरील नांवें

शेवगांवच्या एखाद्या लग्नमांडवांत सकाळीं सनई वाजूं लागली म्हणजे आंत-बाहेर वावरणाऱ्या माणसांचीं पावलें आपोआप जलद पडूं लागतात. मुहूर्ताची घटका जवळ आली, हें घड्याळापेक्षां सनईच आधीं सांगते. कार्य आटोपल्यावर आचाऱ्याच्या हातच्या बुंदीची वाखाणणी होते, मांडव कोणाचा होता याची चौकशी होते, आणि निमंत्रणपत्रिकेवर तर काका, मामा, आत्या यांच्यासह पन्नास जणांचीं नांवें छापलेलीं असतात. सनई वाजविणाराचें नांव मात्र कोणी विचारीत नाहीं. तो 'वाजंत्री', एवढी ओळख त्याला पुरे समजली जाते.

ही गोष्ट एकट्या शेवगांवची नव्हे. जगांत अत्यंत गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांच्या बाबतींतहि असेंच घडत आलें आहे. १९६८ च्या जानेवारींत मुंबईंत मुद्रित झालेल्या एका तबकडीची हकीकत यासाठींच ऐकण्यासारखी आहे. तिच्यांतून सनईचे सूर साता समुद्रांपलीकडे गेले. आणि वाजविणारांचीं नांवेंहि, थोडीं वेडींवांकडीं होऊन कां होईना, त्या सुरांबरोबर गेलीं.

'बीटल्स' हा इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरांतून पुढें आलेला चार तरुणांचा संच. विजेच्या साहाय्यानें वाजणाऱ्या गिटारी, ड्रम आणि गाणारे आवाज एवढ्या सामग्रीवर जें तालप्रधान संगीत उभें राहतें त्यास रॉक म्हणतात, आणि तें सादर करणाऱ्या संचास रॉक बँड. १९६६ च्या ऑगस्टअखेर या चौघांनीं गांवोगांवचे जलसे बंद केले व आपलें सारें लक्ष ध्वनिमुद्रणगृहाकडे वळविलें. जलशांत सूर चुकला तर चुकला; तो परत घेतां येत नाहीं. ध्वनिमुद्रणगृहांत मात्र एकच तुकडा दहा वेळां वाजवावा, त्यांतील उत्तम तेवढा ठेवावा, त्यावर दुसऱ्या वाद्याचा थर चढवावा, अशी सोय असते. अशा रीतीनें घडविलेल्या दहा-पंधरा कृति एका तबकडीवर आल्या म्हणजे 'स्टुडिओ अल्बम' सिद्ध होतो. थर जितके अधिक तितके वाजविणारे हातहि अधिक. पण वेष्टनावरील छायाचित्र चौघांचेंच राहतें. वादकाच्या अज्ञातवासाचें मूळ येथेंच आहे.

या चौघांपैकीं जॉर्ज हॅरिसन यांस १९६५ च्या सुमारास सतारीचा छंद लागला. पुढच्या वर्षीं त्यांनीं भारतीय धर्तीवर एक गाणें रचलें आणि त्याला तबल्याची गरज पडली. लंडनमध्यें अयन अंगडी व त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया हे 'एशियन म्युझिक सर्कल' नांवाची संस्था चालवीत. तिच्यामार्फत अनिल भागवत या तबलजींस बोलावणें गेलें. भागवतांनीं पुढें सांगितलेली हकीकत मोठी गमतीची आहे. संध्याकाळीं 'जॉर्ज'बरोबर वाजवावयाचें आहे, एवढाच निरोप त्यांना होता. हा जॉर्ज कोण, याची कल्पना त्यांना रोल्सरॉइस गाडी न्यावयास आली तेव्हां आली! ध्वनिमुद्रणगृहाबाहेर बीटल्सची वाट पाहत मुली फराळाचे डबे घेऊन बसल्या होत्या. आंत गेल्यावर तबला सुरांत लावण्यांत आला, सोळा मात्रांचा ताल ठरला आणि बाकीचें भागवतांच्या हातावर सोंपविण्यांत आलें. तो दिवस ११ एप्रिल १९६६ चा. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें 'रिव्हॉल्व्हर' हा अल्बम बाहेर पडला, तेव्हां त्याच्या वेष्टनावर 'अनिल भागवत, तबला' अशी नोंद होती. लक्षावधि घरांत ही तबकडी गेली आणि तिच्याबरोबर हें नांवहि गेलें.

परंतु एकदां पडलेला पायंडा टिकतोच असें नाहीं. १९६७ च्या मार्चमध्यें हॅरिसन यांनीं दुसरें एक भारतीय वळणाचें गाणें मुद्रित केलें. त्यांत दिलरुबा, स्वरमंडल, तानपुरा आणि तबला हीं वाद्यें असून तीं वाजविणारे लंडनवासी भारतीय होते. बाकीच्या तिघां बीटल्सचा त्या गाण्यांत हातहि नव्हता. हें गाणें ज्या अल्बममध्यें आलें तो 'सार्जंट पेपर' या नांवानें विख्यात आहे. त्याच्या वेष्टनावर थोरामोठ्यांच्या प्रतिमांची गर्दी असून तींत परमहंस योगानंदांसह चार भारतीय योगी उभे आहेत. चार योग्यांना तेथें जागा मिळाली. दिलरुबा वाजविणाराचें नांव घालण्यास मात्र ओळभर जागा झाली नाहीं. अण्णा जोशी, अमृत गज्जर, पी. डी. जोशी, नटवर सोनी आणि बुद्धदेव कंसारा हीं नांवें लोकांपुढें येण्यास २०१७ साल उजाडावें लागलें. मध्यें पन्नास वर्षें गेलीं. इतक्या अवधींत माणूस म्हातारा होतो, कित्येकदां निघूनहि जातो. मागाहून आलेली कीर्ति मग कोणाच्या पदरीं घालावयाची?

आतां मुंबईकडे वळूं. हॅरिसन १९६६ च्या सप्टेंबरांत पंडित रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठीं मुंबईस येऊन गेले होते. ताजमहाल हॉटेलांत त्यांचा मुक्काम आहे ही बातमी फुटली, तरुणांची झुंबड उडाली आणि गुरुशिष्यांना काश्मीरची वाट धरावी लागली. १९६८ च्या जानेवारींत ते पुन्हां आले ते मात्र कामासाठीं. जो मॅसॉट या दिग्दर्शकाच्या 'वंडरवॉल' चित्रपटास संगीत देण्याचें त्यांनीं पत्करलें होतें. एक एकलकोंडा प्राध्यापक भिंतीच्या भोंकांतून शेजारच्या घरांतील तरुणीचें आयुष्य न्याहाळीत बसतो, असें त्या चित्रपटाचें सूत्र. संवाद थोडे, म्हणून संगीतास वाव मोठा. हॅरिसन चित्रपट पाहत, प्रत्येक प्रसंगाची लांबी स्टॉपवॉचनें मोजून घेत, आणि तेवढ्याच लांबीचा तुकडा तयार करीत. आपल्याकडील वादक आलापीस बसला म्हणजे घड्याळाकडे पाहत नाहीं. येथें तर सेकंदांचा हिशेब! तरीहि हें काम पांच-सहा दिवसांत पार पडलें, याचें श्रेय वादकांच्या तयारीला दिलें पाहिजे. रविशंकरांच्या 'किन्नर' संगीतशाळेंतील त्यांचे शिष्य शंभू दास यांनीं ही मंडळी जमविण्यास मोठेंच साहाय्य केलें.

ध्वनिमुद्रण झालें तें फोर्ट विभागांत फिरोजशहा मेहता रस्त्यावरील एच्. एम्. व्ही. कंपनीच्या स्टुडिओंत. लंडनच्या मानानें तेथील व्यवस्था साधी होती. स्टुडिओ कचेऱ्यांच्या वर. बाहेरचा आवाज अडविण्याची सोय तुटपुंजी. साडेपांचला कचेऱ्या सुटल्या कीं जिन्यावर कारकुनांच्या पावलांचा धडधडाट सुरू होई आणि ध्वनिमुद्रण थांबवावें लागे, अशी आठवण हॅरिसन यांनींच सांगून ठेविली आहे. नीट कान दिल्यास कांहीं तुकड्यांमागें रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकूं येतात, असेंहि ते म्हणत. लंडनप्रमाणें प्रत्येक वाद्य निराळ्या मार्गावर टिपून मागाहून जुळविण्याची सोय नसल्यानें सर्व वाद्यांचा तोल वाजवितांनाच संभाळावा लागे. कोणी जवळ बसावें, कोणी दूर सरावें, कोणी हात हलका ठेवावा, हें आधीं ठरवून मगच सुरुवात. परंतु आपल्याकडील मंडळींना ही अडचण वाटण्याचें कारणच नव्हतें. एका बैठकींत एकमेकांकडे पाहून वाजविणें, हीच तर आपली रीत!

या तबकडीचें वैशिष्ट्य तिच्यांतील वाद्यांच्या निवडींत आहे. पाश्चात्त्य श्रोत्यांस तोंवर मुख्यतः सतार व तबला एवढींच परिचित होतीं. येथें सनई आली, संतूर आलें, सतारीहून खर्जांत बोलणारा सुरबहार आला. निरनिराळ्या सुरांत लावलेल्या तबल्यांवर सुरावट काढणारा तबलातरंग आला. तारशहनाई आली, हें नांव शहनाईचें असलें तरी वाद्य गजानें वाजवावयाचें, आणि कर्ण्यासारखी जोड दिल्यानें त्याचा नाद सनईसारखा ओला होतो. अल्बममधील 'रुदन' अशा अर्थाच्या नांवाच्या तुकड्यांत विनायक व्होरा यांची तारशहनाई खरोखरच रडते. एका तुकड्याचें नांवच 'तबला आणि पखवाज' असें आहे, तर दुसऱ्याचें 'गत किरवाणी'. एकंदर १९ तुकडे, त्यांपैकीं कांहीं लंडनमध्यें तेथील वादकांकडून वाजवून घेतलेले. गायन जवळजवळ नाहींच.

याच मुक्कामांत आणखी एका गाण्याचें वाद्यसंगीत मुद्रित झालें. केंब्रिजचे संस्कृतज्ञ हुआन मास्कारो यांच्या सूचनेवरून हॅरिसन यांनीं प्राचीन चिनी ग्रंथ 'ताओ ते चिंग' यांतील विचारावर तें रचलें होतें. मुंबईच्या वादनावर लंडनमध्यें गायनाचा थर चढला, आणि १५ मार्च १९६८ रोजीं बीटल्सच्या 'लेडी मॅडोना' या गाण्याच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर तें प्रसिद्ध झालें. चीनचा विचार, मुंबईचे सूर आणि लिव्हरपूलचा गळा असा हा त्रिवेणीसंगम. पण तबकडीच्या लेबलावर मुंबईच्या वादकांपैकीं एकाचेंहि नांव नाहीं.

'वंडरवॉल म्युझिक' हा अल्बम इंग्लंडमध्यें १ नोव्हेंबर १९६८ रोजीं आणि अमेरिकेंत २ डिसेंबरला बाहेर पडला. बीटल्सनीं स्थापन केलेल्या 'ॲपल' कंपनीचा हा पहिला अल्बम, आणि चौघांपैकीं एकट्यानें काढलेलाहि पहिलाच. त्याचें स्वागत मात्र थंडपणानें झालें. इंग्लंडमध्यें तो खपाच्या यादींत आलाच नाहीं. अमेरिकेंत ४९ व्या क्रमांकापर्यंत चढला. तीन आठवड्यांतच बीटल्सचा पांढऱ्या वेष्टनाचा जोडअल्बम आला आणि सर्वांचें लक्ष तिकडे गेलें. ज्यांना गाणीं हवीं होतीं त्यांना येथें गाणीं नव्हतीं. ज्यांना राग हवा होता त्यांना दोन-तीन मिनिटांचे तुकडे अपुरे वाटणें स्वाभाविक होतें. चित्रपटहि फारसा चालला नाहीं. तथापि १९९२ मध्यें आणि पुन्हां २०१४ मध्यें हा अल्बम नव्यानें काढण्यांत आला. पूर्व-पश्चिमेच्या वाद्यसंगमाचा एक आरंभीचा प्रयत्न म्हणून त्याला आज मान आहे.

त्याच्या वेष्टनावर एक चित्र आहे. मध्यें विटांची भिंत. अलीकडे काळ्या पोशाखांतील एक साहेब, पलीकडे स्नान करणाऱ्या भारतीय स्त्रिया. भिंतींतील एक वीट काढावी, म्हणजे त्या गृहस्थाला थोडी तरी आशा राहील, असें हॅरिसन यांनीं सुचविलें आणि तशी वीट काढलेली दाखविण्यांत आली. त्याच वेष्टनाच्या पाठीवर भारतीय वादकांचीं नांवें वाद्यांसह छापलेलीं आहेत, हें त्याहून महत्त्वाचें. तेथें बांसरीवर एस्. आर्. केंकरे आहेत, सुरबहारावर चंद्रशेखर आहेत, हार्मोनियम व तबलातरंग यांवर रिजराम देसाड आहेत. संतूरवादक शिवकुमार शर्मा यांचें आडनांव 'शर्मर' झालें आहे. सनईपुढें शरद आणि हनुमान अशीं दोन नांवें असून त्यांचें आडनांव 'जदेव' असें छापलें आहे. मराठी माणसाच्या कानाला तें 'जाधव' वाटल्यावांचून राहत नाहीं. सोलापूरच्या सिद्राम जाधवांच्या सुंदरीवादनानें तर तें आडनांव सनई-सुंदरीशीं कायमचें जोडून दिलें आहे. नांवांत चुका झाल्या खऱ्या. पण चुकलेलें नांव दुरुस्त करतां येतें. न छापलेल्या नांवाला दुरुस्ती कोणती?

आपल्या घरचा हिशेबहि कांहीं फार स्वच्छ नाहीं. १९४९ च्या 'महल' चित्रपटांतील गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' असें चित्रपटांतील पात्राचें नांव छापलें होतें. श्रोत्यांनीं पत्रांवर पत्रें पाठवून विचारणा केली, तेव्हां लता मंगेशकर हें नांव पुढें आलें. ही गायिकेची कथा. मग त्यामागें व्हायोलिन वाजविणाऱ्या गोव्याच्या वादकाची दाद कोण घेणार? उलट आकाशवाणीनें एक चांगली प्रथा पाळली. संगीतसभेंत गायकाचें नांव सांगितल्यावर तबल्यावर साथ कोणाची, हार्मोनियमवर कोणाची, हें निवेदक सांगतोच. दोन वाक्यांचें काम. पण त्या दोन वाक्यांसाठीं साथीदाराच्या घरचीं माणसें रेडिओजवळ येऊन बसत.

आतां या गोष्टीला कायद्याचाहि आधार मिळाला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ मध्यें कलाकारांच्या हक्कांचा समावेश झाला. आणि २०१२ च्या दुरुस्तीनें, आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून आपलें नांव सांगितलें जावें, असा हक्क कलाकारास दिला. कृतीच्या उपयोगाची रीतच अशी असेल कीं नांव देणें शक्य नाहीं, तर तेवढा अपवाद.

कायदा वेष्टनापर्यंत पोंचतो. मांडवापर्यंत पोंचण्यास माणुसकी लागते. शेवगांवच्या मांडवांत सनई संपवून वाजंत्री ती कापडांत गुंडाळूं लागतो, तेव्हां विडा आणि बिदागी त्याच्या हातांत पडते. त्याच वेळीं यजमानानें 'आपलें नांव काय?' एवढें विचारावें, आणि पुढच्या कार्याच्या पत्रिकेंत काका-मामांच्या खालीं 'सनईवादन' म्हणून तें छापावें. पन्नास नांवांच्या पत्रिकेंत आणखी एकाला जागा होते. आणि तें नांव शुद्ध छापावयास आपल्याला कांहीं अडचण नाहीं.