वडिलांचा आजार, वडिलांना विचारून

घरांतील वडील माणसाच्या दुखण्याचा निर्णय सर्वांनीं मिळून करावा, परंतु दुखणाइताला मात्र त्यांतील कांहीं सांगूं नये, अशी रीत आपल्या एकत्र कुटुंबांतून पडून गेली आहे. रीत प्रेमाची आहे हें खरें; पण प्रेमाची प्रत्येक रीत हितकर असतेच असें नाहीं. पुरुषांच्या उतारवयांतील एका रोगाच्या बाबतींत तर ती उघड उघड अहितकर ठरते. त्या रोगाविषयीं वाचकांशीं आज चार शब्द बोलावे असें आम्हांस वाटतें.

दोन वर्षांपूर्वीं अंबरनाथ येथील आमच्या एका स्नेह्यांचें रक्त उल्हासनगरच्या एका प्रयोगशाळेंत तपासलें. स्नेह्यांचें वय ६७. 'पीएसए' नांवाचा आंकडा ७ निघाला. पुढें एमआरआय झाला, सुईनें तुकडा काढून तपासला, आणि प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग असें कागदावर लिहून आलें. बदलापूरहून कन्या व जांवई आले. माजघरांत बैठक बसली. आठ दिवसांत शस्त्रक्रिया करावयाची, त्यासाठीं बँकेंतील ठेव मोडावयाची, आणि वडिलांना मात्र "मूतखडा आहे" एवढेंच सांगावयाचें, असें ठरलें. आम्हांसही बोलावून तसें वचन घेतलें. आम्हीं तें दिलें, हें लिहितांना आज लाज वाटते.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या मुखाशीं, मूत्रमार्गाभोंवतीं असलेली अक्रोडाएवढी ग्रंथि. वयाबरोबर ती वाढते व लघवीची धार मंदावते. सुश्रुतानें मूत्राघाताच्या प्रकारांत 'वाताष्ठीला' सांगितली आहे, ती वाचतांना हेंच दुखणें डोळ्यांपुढें उभें राहतें. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. उलट आरंभींच्या कर्करोगाला बहुधा लक्षणच नसतें. पीएसए हें या ग्रंथींतून रक्तांत उतरणारें एक प्रथिन. तें कर्करोगानें वाढतें, तसेंच साध्या वाढीनें व लघवीच्या जंतुसंसर्गानेंही वाढतें. आणि ग्रंथि आटविण्यासाठीं फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी बरेच महिने चालू असली तर आंकडा सुमारें निम्म्यावर येतो. म्हणून एकाच आंकड्यावर घाबरूं नये व एकाच आंकड्यावर विसंबूंही नये. संसर्ग असल्यास तो बरा होऊं देऊन कांहीं आठवड्यांनीं रक्त पुन्हां तपासावें, आणि चालू गोळ्यांचीं नांवें डॉक्टरांना आठवणीनें सांगावीं.

रोग ग्रंथीपुरताच आहे असें दिसलें म्हणजे पुढें काय करावें, याविषयीं वैद्यक मंडळींनीं एकत्र बसून नियम बांधले आहेत. अमेरिकेंत व युरोपांत असे नियम आहेत. आपल्याकडे २०१२ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडनेंही ते सिद्ध केले आहेत. या सर्वांचें पहिलें सूत्र एकच: आधीं धोक्याची पायरी ठरवा, मग उपचार ठरवा. पायरी तीन गोष्टींवरून ठरते. एक पीएसए, दुसरी, बोटानें तपासतां लागणारी गांठ, तिसरी, ग्लीसनची श्रेणी. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६६ सालीं, सूक्ष्मदर्शकाखालीं पेशींची ठेवण किती बिघडली आहे त्यावरून ही श्रेणी बसविली. हल्लीं ती ६ पासून १० पर्यंत देतात. पीएसए १० च्या आंत, श्रेणी ६, आणि गांठ लहान किंवा न लागणारी, तर धोका अल्प. पीएसए १० ते २० किंवा श्रेणी ७, तर मध्यम. पीएसए २० च्या वर, श्रेणी ८ ते १०, किंवा गांठ ग्रंथीचें कवच ओलांडणारी, तर धोका मोठा. तिघांच्या कागदावर शब्द एकच असतो. आजार मात्र एक नसतो.

अल्प धोक्याच्या रोग्याला, पुढें दहा वर्षांहून अधिक आयुष्य अपेक्षित असलें तरीही, नियम प्रथम देखरेख सुचवितात. देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे. सुमारें सहा महिन्यांनीं पीएसए, ठराविक काळानें तपासणी व एमआरआय, आणि मधून मधून पुन्हां तुकडा काढून पाहणें, एवढें सर्व त्यांत येतें. रोग पुढें सरकतांना दिसला कीं लगेच उपचार. वर्गांतील प्रत्येक मुलाला छडी मारलीच पाहिजे असें नाहीं, पण हजेरी मात्र प्रत्येकाची घ्यावीच लागते, तशांतला हा प्रकार.

याला आधार काय, असें कोणी विचारील. ब्रिटनमध्यें १९९९ ते २००९ या काळांत रोग सांपडलेल्या १,६४३ जणांना चिठ्ठ्या टाकाव्या तसें निरीक्षण, शस्त्रक्रिया व किरणोपचार अशा तीन गटांत वांटलें. पंधरा वर्षांचा हिशेब २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. या रोगानें वारलेले एकंदर ४५, म्हणजे शेंकडा तीनहून कमी. आणि तिन्ही गटांत त्या बाबतींत म्हणण्याजोगा फरक नाहीं. मात्र निरीक्षणाच्या गटांत रोग दूर पसरल्याचें प्रमाण शेंकडा ९.४ होतें, इतर दोहोंत पांचाच्या आसपास. आणि निरीक्षणाखालील शेंकडा ६१ जणांनीं पुढें केव्हां तरी उपचार घेतलेच. दुसरी बाजूही पाहावी. सहा वर्षांनंतर लघवी गळते म्हणून पॅड वापरणारे शस्त्रक्रियेच्या गटांत शेंकडा १७, निरीक्षणाच्या ८, किरणोपचाराच्या ४ होते. वैवाहिक सुखाची हानि शस्त्रक्रियेनें सर्वांत अधिक झाली. शौचाचा त्रास किरणोपचारानें अधिक झाला.

आतां हा तराजू कोणी धरावा? कोणता त्रास सोसवेल, कोणती भीति उराशीं घेऊन झोंप येईल, हें मुलानें किंवा जांवयानें कसें ठरवावें? तें ज्याचें त्यानेंच ठरविलें पाहिजे. आणि मूतखडा आहे असें ज्याला सांगितलें, तो काय ठरविणार!

मध्यम धोक्यांत बहुधा उपचार सांगतात: शस्त्रक्रिया, किंवा किरणोपचार व गरज पडल्यास चार ते सहा महिने हार्मोन दाबणारीं इंजेक्शनें. मोठ्या धोक्यांत किरणोपचाराबरोबर हींच इंजेक्शनें दीड ते तीन वर्षें चालतात, अथवा निवडक रोग्यांत शस्त्रक्रिया करतात. येथें मात्र वाट पाहणें घातक. बदलापूरच्या एका गृहस्थांनीं दुसऱ्याच्या देखरेखीची गोष्ट ऐकून, स्वतःची श्रेणी ९ असतां, वर्ष घालविलें. त्याचें मोल त्यांना पुढें द्यावें लागलें. दुसऱ्याचा कागद आपल्याला लागू पडत नाहीं. तसेंच, प्रकृति बरी असतां केवळ इंजेक्शनांवर भागवूं नये, असेंही नियम सांगतात. अतिवृद्ध किंवा अन्य आजारांनीं खंगलेल्या माणसाच्या मागें मात्र तपासण्यांचा ससेमिरा लावूं नये. त्रास होईल तेव्हां त्रासावर उपाय करावा.

या ज्ञानांत आपल्या मुंबईचाही वांटा आहे. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. तेथें डॉ. वेदांग मूर्ति व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोठ्या धोक्याच्या २२४ रोग्यांवर प्रयोग करून, केवळ ग्रंथीला किरण द्यावे कीं कटिभागांतील लसिकाग्रंथींनाही, हा प्रश्न तपासला. २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पांच वर्षांनीं पीएसए पुन्हां न वाढलेले पहिल्या प्रकारांत शेंकडा ८१, दुसऱ्यांत ९५. एकंदर आयुर्मर्यादेंत मात्र तेव्हांपर्यंत फरक दिसला नव्हता.

आपल्याकडील मंडळींना आणखी एक गोष्ट उपयोगी. पूर्वीं किरणोपचारासाठीं सात-साडेसात आठवडे खेपा घालाव्या लागत. ३७ खेपांऐवजीं २० खेपांत तेवढाच गुण येतो असें ब्रिटनमधील एका मोठ्या प्रयोगांत २०१६ सालीं दिसून आलें. बदलापूरहून परळपर्यंत लोकलचा प्रवास ज्यानें केला आहे, त्याला या १७ खेपांची किंमत सांगावयास नको. लोकलमधील दिव्यांगांच्या डब्यांत कर्करोग्यांनाही बसतां येतें, हेंही लक्षांत ठेवावें.

आमच्या स्नेह्यांना शेवटीं मुंबईच्या एका तज्ज्ञांकडे नेलें. तज्ज्ञांनीं मुलांकडे न पाहतां त्यांनाच विचारलें, "आपल्याला काय झालें आहे, ठाऊक आहे ना?" ते शांतपणें म्हणाले, "मूतखड्यासाठीं इतकीं माणसें रडत नसतात." मग त्यांनीं कागद मागून घेतले, चष्मा लावून वाचले, आणि तासभर प्रश्न विचारले. श्रेणी ६ होती. पत्नी संधिवातानें अंथरुणाला खिळलेली; तिचें सर्व तेच करतात. त्यांनीं देखरेख पत्करली. आतां दोन वर्षें झालीं. आंकडा स्थिर आहे. पुढें तो हलला तर शस्त्रक्रिया करूं, असें तेच मुलांना सांगतात.

परतीच्या गाडींत ते आम्हांस एवढेंच म्हणाले, "मरणाची भीति नव्हती, मास्तर, घरांत मी एकटा पडलों होतों, त्याचें दुःख होतें." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. वाचकहो, आपल्या घरीं असा प्रसंग येऊं नये. पण आलाच, तर बैठक अवश्य बसवा. फक्त ती माजघरांत न बसवतां वडिलांच्या खाटेशीं बसवा.