गोठ्यातला नवा गडी

2014 सालच्या मे महिन्यात ब्रिटिश कोलंबियातल्या चिलिवॅक इथे एका गोठ्यात नवा गडी कामाला लागला. सुमारे 3500 गाईंचा हा गोठा कॅनडातला सर्वांत मोठा मानला जाई. गडी इतरांसारखाच पाळीवर यायचा, काम उरकून जायचा. फक्त त्याच्या अंगावर छुपा कॅमेरा होता, आणि त्याला पाठवलं होतं 'मर्सी फॉर अ‍ॅनिमल्स' या प्राणिहक्क संघटनेनं.

चार आठवड्यांत कॅमेऱ्यानं टिपलेलं जूनमध्ये देशभर दिसलं. साखळ्यांनी, काठ्यांनी गाईंना झोडपणारे कामगार. गळ्यात साखळी अडकवून ट्रॅक्टरनं उचललेली एक गाय. आठ जणांची नोकरी गेली. पुढे गोठा चालवणाऱ्या 'चिलिवॅक कॅटल सेल्स' या कंपनीनं कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला, आणि काही कामगारांना तुरुंगाची हवा खावी लागली.

एरवी असा माणूस पेरतो तो मालक. गोदामातून माल गळतोय, कागदोपत्री मात्र सगळं चोख. विचारायला जावं तर सगळे हाताची घडी, तोंडावर बोट. मग खासगी तपास संस्थेचा माणूस साधा हमाल किंवा पॅकिंगवाला म्हणून भरती होतो. तो खरा कोण, हे वरच्या एक-दोघांनाच ठाऊक. दिवसभर तो सगळ्यांसोबत राबतो, डबा खातो, गप्पा मारतो आणि रात्री घरी बसून अहवाल लिहितो.

हे काम कुणीही उठून करू शकत नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात 2005 च्या कायद्यानुसार खासगी गुप्तहेराला परवाना लागतो. (आपल्याकडे असंच विधेयक 2007 साली राज्यसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा काही झाला नाही.) कॅनडात ध्वनिमुद्रणाचा नियमही नेमका आहे. ज्या संभाषणात हेर स्वतः सामील आहे, ते तो टिपू शकतो. पण टेबलाखाली यंत्र चिकटवून स्वतः निघून गेला आणि इतरांचं खासगी बोलणं टिपलं, तर तो फौजदारी गुन्हा होतो.

आणि पुरावा हाती आला म्हणजे काम फत्ते झालं, असंही नाही. युनियन असलेल्या ठिकाणी बडतर्फीचा वाद लवादापुढे जातो. 'डोमन फॉरेस्ट प्रॉडक्ट्स' कंपनीच्या 1990 मधल्या प्रकरणापासून लवाद मालकालाच उलट विचारू लागले: पाळत ठेवायला सबळ कारण होतं का? ती ठेवण्याची रीत रास्त होती का? दुसरा मार्ग नव्हता का? उत्तरं पटली नाहीत, तर चित्रफीत बाजूला ठेवली जाऊ शकते. 2004 मध्ये टोरोंटोतल्या रेल्वे यार्डातल्या कॅमेऱ्यांविरुद्ध 'कॅनेडियन पॅसिफिक'चा एक कामगार फेडरल कोर्टात गेला. खासगीपणा आयुक्तांनी त्याची बाजू घेतली होती, पण कोर्टानं कौल दिला कंपनीला. घटना घडल्याखेरीज चित्रण कुणी पाहतच नव्हतं, हा मुद्दा तिथे कामी आला.

विनिपेगमध्ये 2019 साली वेगळाच प्रकार घडला. महापालिकेचे बांधकाम निरीक्षक वेळेवर येत नाहीत म्हणून वैतागलेल्या काही नागरिकांनी पदरचे पैसे घालून खासगी गुप्तहेर नेमले. 17 निरीक्षकांच्या मागावर माणसं राहिली. लांबलेली जेवणं, कॉफीचे अड्डे, कामाच्या वेळेत बाजारहाट, असं सगळं कॅमेऱ्यात आलं. दिवसाचं खरं काम सरासरी तीन तासांहूनही कमी भरलं. बोभाटा झाल्यावर महापालिकेनं चौकशी केली आणि काहींना घरी बसवलं.

याच विनिपेगच्या कामगारांना हेर नवा नव्हता. इटलीत जन्मलेला फ्रँक झॅनेथ 1917 मध्ये घोडदळ पोलिसांत भरती झाला, हॅरी ब्लास्क हे नाव घेऊन ड्रमहेलरच्या कोळसा खाणीत आणि मग कॅलगरीच्या कामगार चळवळीत मिसळला. 1919 च्या विनिपेग सार्वत्रिक संपानंतर पुढाऱ्यांवर खटले भरले गेले, तेव्हा कालपर्यंत 'कॉम्रेड' असलेला हा गृहस्थ सरकारी साक्षीदार म्हणून उभा राहिला. तिथे शोध चोरीचा नव्हता, विचारांचा होता. कॅनडातल्या युनियनवाल्यांना 'आतला माणूस' म्हटलं की अजून हाच इतिहास आठवतो.

चिलिवॅकच्या घटनेनंतर सहा वर्षांनी ओंटारिओनं कायदा केला: खोटी ओळख सांगून शेतात वा गोठ्यात शिरणं हाच गुन्हा. म्हणजे तसाच एखादा गडी तिथे अर्जात खोटं लिहून कामाला लागला असता, तर आधी त्याच्यावरच खटला भरता आला असता. प्राणिहक्कवाले आणि पत्रकार कोर्टात गेले. एप्रिल 2024 मध्ये ओंटारिओच्या सुपीरियर कोर्टानं त्या कायद्याखालच्या नियमांचा काही भाग अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येतो म्हणून रद्द केला.