एपिसोडचा लेखी मसुदा: स्लॅब माझा पडलाय, मग हप्ता कुठे अडकला?

ज्यांना गाडीवर ऐकता येत नाही किंवा ज्यांचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

आजचा विषय आमच्या मावशीच्या घरातून आलाय. मावशी एका छोट्या नगरपरिषदेच्या गावात राहते. तिला पंतप्रधान आवास योजनेत घर मंजूर झालं. जुनं कुडाचं घर पाडलं, पाया भरला, भिंती वर आल्या आणि मे महिन्यात स्लॅबही पडला. त्यानंतर पैसे यायचे थांबले. नगरपरिषदेत गेलं की एकच उत्तर, "वरून निधी आला नाही." दारं-खिडक्या नाहीत, पाऊस तोंडावर, आणि मावशी मला विचारते, "तू कॉम्प्युटरवाला ना रे, बघ ना कुठे अडकलंय ते."

मी बघायला गेलो, आणि लक्षात आलं की हा प्रश्न एका क्लार्कचा नाहीच. सिस्टीमचं डिझाइनच तसं आहे. ते आज समजून घेऊ.

आधी पायलट म्हणजे काय?

आपण ॲप बनवतो तेव्हा आधी थोड्या लोकांना बीटा देतो. चाललं तर सगळ्यांना देतो. सरकार घरांच्या बाबतीत तेच करतं: काही ठिकाणी जास्त पैसा आणि जास्त लक्ष देऊन प्रयोग करायचा, मग तो देशभर न्यायचा. दोन उदाहरणं बघा.

पहिलं पुण्यातलं, येरवडा. २००५ मध्ये केंद्राचं जेएनएनयूआरएम अभियान सुरू झालं. त्याच्या निधीतून पुणे महापालिकेने येरवड्याच्या काही वस्त्यांमध्ये वेगळा प्रयोग केला. वस्ती उठवून टॉवर बांधायचा नाही. जिथे कच्चं घर आहे तिथेच साधारण २७० चौरस फुटांचं पक्कं घर बांधायचं, आणि खर्चातला १० टक्के वाटा कुटुंबाने उचलायचा. सोबत स्पार्क ही संस्था आणि महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या बचतगटांचं जाळं होतं. कोणाचं घर कसं, कोणाची भिंत कोणाला लागून, हे वस्तीत बसून ठरायचं.

दुसरं उदाहरण म्हणजे लाइटहाउस प्रकल्प. १ जानेवारी २०२१ ला इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरताळा आणि लखनौ अशा सहा शहरांत एकाच दिवशी पायाभरणी झाली. प्रत्येक ठिकाणी हजाराच्या आसपास घरं आणि बांधायचं तंत्र वेगळं. चेन्नईत कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे भाग आणून जोडायचे, तर रांचीत अख्ख्या खोल्याच तयार आणायच्या. उद्दिष्ट होतं १२ महिन्यांचं. सगळ्यात आधी झालेल्या चेन्नईच्या १,१५२ घरांचं लोकार्पण २६ मे २०२२ ला झालं, म्हणजे सुमारे १७ महिन्यांनी. मध्ये कोविडची दुसरी लाट होती, हेही खरं.

पायलटमध्ये पैसा जास्त असतो हे आपल्याला दिसतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे माणसं जास्त असतात. येरवड्यात घराघरात जाणाऱ्या बायका होत्या, लाइटहाउसवर थेट दिल्लीचं लक्ष होतं. मावशीच्या नगरपरिषदेत एक इंजिनिअर आहे. रस्ते, नाल्या, पाणी सगळं त्याच्याकडेच, आणि आवास योजनाही त्याच्याकडे.

मावशीचे पैसे कोणत्या वाटेने येतात?

पंतप्रधान आवास योजना शहरी २५ जून २०१५ ला सुरू झाली. तिचे चार घटक होते. छोट्या गावांत सगळ्यात जास्त चाललेला घटक म्हणजे स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणं, ज्याला सगळे 'बीएलसी' म्हणतात. यात महाराष्ट्रात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतात. घर आपण बांधायचं, पैसे टप्प्याटप्प्याने खात्यात येतात.

वाट अशी: केंद्राकडून राज्याकडे, राज्याची नोडल संस्था म्हणून म्हाडा, तिथून नगरपरिषद किंवा नगरपंचायत, आणि मग लाभार्थ्याचं खातं. प्रत्येक टप्प्यावर फोनवर जिओ-टॅग केलेला फोटो अपलोड होतो: रिकामी जागा, पाया, लिंटेल, छप्पर, पूर्ण घर. इस्रोच्या भुवन नकाशावर तो ठिपका दिसतो. फोटो नाही तर टप्पा नाही, आणि टप्पा नाही तर हप्ता नाही. इथपर्यंत ठीक आहे. खोटी घरं दाखवून पैसे उचलायचे प्रकार याने कमी होतात.

आता खरी गोम. केंद्राचा पैसा राज्याला ४०, ४० आणि २० टक्के अशा तीन हप्त्यांत येतो, आणि तो एकट्या मावशीसाठी येत नाही. नगरपरिषद शेकडो घरांचा मिळून एक प्रकल्प अहवाल पाठवते, त्याला सगळे डीपीआर म्हणतात. दुसरा हप्ता मागायचा तर आधीच्या पैशांपैकी ७० टक्के खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं, आणि त्या प्रमाणात काम झालेलं दिसावं लागतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा बॅच जॉब आहे. मावशीचं रेकॉर्ड एकदम क्लीन आहे, पण तिच्या बॅचमधल्या कितीतरी जणांनी पायाच भरलेला नाही. कोणाचा भावाशी जागेवरून वाद आहे, कोणाकडे वाळूला पैसे नाहीत. ते थांबले म्हणून प्रमाणपत्र थांबलं, प्रमाणपत्र थांबलं म्हणून हप्ता थांबला. जिने सगळ्यात आधी घर बांधलं तिलाच सगळ्यात जास्त थांबावं लागतं.

आणि तोवर पैसे कोणाचे?

एक साधा हिशेब करू. ३० चौरस मीटर म्हणजे साधारण ३२३ चौरस फूट. बांधकामाचा दर अगदी १,५०० रुपये फूट धरला तरी ४ लाख ८४ हजार होतात. अनुदान अडीच लाख. उरलेले सव्वादोन लाखांच्या वर कुटुंबाचे. शिवाय टप्पा आधी पूर्ण करायचा आणि पैसे नंतर मिळायचे, त्यामुळे अनुदानाची रक्कमही आधी खिशातूनच घालावी लागते. मावशीने बचतगटातून कर्ज घेतलं, सोनं गहाण ठेवलं आणि सिमेंटवाल्याकडे उधारी केली. हप्ता सहा महिने लांबला की त्या सहा महिन्यांचं व्याज सरकार देत नाही, मावशी देते.

येरवड्यात नेमकं हेच ओझं कुटुंबावर कमी होतं. वाटा १० टक्क्यांचा आणि बांधकाम सांभाळायला संस्था सोबत. योजना मोठी करताना 'आपल्या जागी आपलं घर' ही कल्पना पुढे आली, सोबतची माणसं मागेच राहिली.

आता २.० आलंय, मग काय करायचं?

१ सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे, लक्ष्य १ कोटी कुटुंबांचं. बीएलसी यातही आहे. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत हवं, देशात कुठेही पक्कं घर नसावं, आणि गेल्या २० वर्षांत कोणत्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. घरी कोणी अर्ज करणार असेल तर एवढं करा:

१. जागेचा कागद आधी बघा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर नाव हवं. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नाही. आजोबांच्या नावावर असेल तर वारसनोंद आत्ताच करून घ्या.

२. मंजुरी हातात येईपर्यंत जुनं घर पाडू नका. पाडलं की भाडं सुरू होतं.

३. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का तपासा, आणि नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे सारखं करा. हसू नका, याच कारणाने पैसे परत जातात.

४. टप्पा झाला की त्याच दिवशी नगरपरिषदेला लेखी कळवा आणि पोच घ्या. तुमच्या फोनमध्येही तारखेसकट फोटो ठेवा.

५. पैसे अडकले तर "माझा हप्ता कधी?" एवढंच विचारू नका. "आमच्या डीपीआरमध्ये किती घरं, किती कोणत्या टप्प्यावर, आणि उपयोगिता प्रमाणपत्र कधी पाठवलं?" असं विचारा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा.

आम्ही पाचवा प्रश्न लेखी विचारला. उत्तरातून कळलं की प्रमाणपत्र गेलेलंच नव्हतं, कारण बऱ्याच घरांचे फोटो अपलोड व्हायचे बाकी होते. मग मावशीच्या गल्लीतल्या सात-आठ बायका मिळून गेल्या, इंजिनिअरसाहेबांना सोबत घेतलं आणि दोन दिवसांत गल्लीतले फोटो करून घेतले. हप्ता अजून आलेला नाही. पण यादी पुढे गेली, आणि आता मावशीला माहीत आहे की ती कशाची वाट बघतेय.

तुमच्या गावात हप्ते कसे येतात ते व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. अर्ज बहुतेक वेळा आई किंवा मावशीच्या नावावर असतो, पण फोन तुमच्या हातात असतो.

भेटू पुढच्या भागात.