साठून राहिलेलं गाणं

दहाव्या मिनिटाला पहिला गोल, पंधराव्याला दुसरा, सत्ताविसाव्याला तिसरा. तारीख 26 फेब्रुवारी 2022, वार शनिवार. उत्तर इंग्लंडमधल्या लीड्स शहरात, एलँड रोडच्या मैदानावर, टॉटनहॅमचा संघ यजमानांची दाणादाण उडवत होता. अर्धा तासही झाला नव्हता आणि सामना संपल्यात जमा होता. शेवटी शेवटी, पंच्याऐंशीव्या मिनिटाला, चौथाही गोल झाला.

अशा वेळी घरच्या मैदानावरचे चाहते काय करतात हे सांगायला फुटबॉल कळावाच लागतो असं नाही. आधी शांतता पसरते, मग शिट्ट्या सुरू होतात, मग मॅनेजरच्या नावानं शिमगा. आणि लीड्सच्या लोकांकडे त्यासाठी कारणं भरपूर होती. त्या एका महिन्यात ॲस्टन व्हिलाविरुद्ध त्यांनी तीन गोल खाल्ले होते, एव्हर्टनकडून तीन, मँचेस्टर युनायटेडकडून चार, लिव्हरपूलकडून सहा, आणि आता हे चार. पाच सामने, वीस गोल. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत, एका महिन्यात इतके गोल कुठल्याच संघानं खाल्ले नव्हते. गुणतक्त्यात लीड्स सोळावं होतं, खालच्या श्रेणीत ढकलल्या जाणाऱ्या तीन संघांपासून फक्त दोन गुण वर.

आणि तरीही स्टँडमधून गाणं येत होतं. हजारो गळे एकच नाव घेत होते, आणि ते नाव कुठल्या खेळाडूचं नव्हतं. ज्याच्या हट्टापायी हे वीस गोल झाले असं वर्तमानपत्रं म्हणत होती, त्याच माणसाचं होतं: मार्सेलो बिएल्सा. तीन दिवसांपूर्वी लिव्हरपूलच्या मैदानावर 0-6 असा मार खातानाही लीड्सहून गेलेले चाहते हेच नाव गात होते. त्या गाण्याचे तुकडे मी कितीदा तरी ऐकले आहेत. चित्र न बघता नुसता आवाज ऐकला, तर हा संघ करंडक उचलतो आहे असंच वाटावं.

हे कसं घडतं, या प्रश्नानं मला आजही झपाटलेलं आहे.

आधी माणूस. बिएल्सा अर्जेंटिनातल्या रोझारिओ शहराचे, जन्म 1955 चा. तिथल्या न्यूवेल्स ओल्ड बॉइज या क्लबचं मैदान 2009 पासून त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. 2018 च्या उन्हाळ्यात ते लीड्सला आले तेव्हा हा एकेकाळचा दिमाखदार क्लब दुसऱ्या श्रेणीत तेराव्या क्रमांकावर खितपत पडला होता. पहिल्या श्रेणीतून तो बाहेर पडला 2004 साली. मध्ये तीन वर्षं तर त्यानं तिसऱ्या श्रेणीतही काढली. मालक बदलले, मॅनेजर आले नि गेले, आणि लोक दर शनिवारी मैदानावर येत राहिले.

बिएल्सांनी फारसे नवे खेळाडू मागितले नाहीत. आहेत त्यांनाच पळायला शिकवलं. सरावात एक खेळ असे, ज्यात चेंडू बाहेर गेला तरी खेळ थांबत नसे, फाउल झाला तरी थांबत नसे. खेळाडूंनी त्याला ‘मर्डरबॉल’ असं नाव ठेवलं. पहिल्याच हंगामात जवळपास तोच तेराव्या क्रमांकाचा संघ तिसरा आला.

पण लीड्सच्या लोकांना त्यांच्याबद्दल विचारलं तर बहुतेक जण आधी मैदानाबाहेरच्या गोष्टी सांगू लागतात. सामन्याचं एक तिकीट काढायला सामान्य चाहत्याला किती तास राबावं लागतं, असं त्यांनी आल्या आल्या विचारलं. साधारण तीन तास, असं उत्तर मिळालं. मग थॉर्प आर्च इथल्या सराव केंद्राच्या आवारात त्यांनी आपल्या खेळाडूंना तीन तास कचरा उचलायला लावलं. स्वतः राहायचे वेदरबी नावाच्या छोट्या गावात, एका खोलीच्या साध्या घरात. सरावाला पाठीवर पिशवी अडकवून पायी जायचे आणि वाटेत कुणीही थांबवलं की थांबायचे. सामना चालू असताना सीमारेषेजवळ एक निळी बादली उपडी घालून तिच्यावर बसायचे. पुढे क्लबच्या दुकानात तशा बादल्या विकायलाही आल्या.

आणि एप्रिल 2019 मधला ॲस्टन व्हिलाविरुद्धचा तो सामना. प्रतिस्पर्धी खेळाडू जखमी होऊन पडलेला असताना लीड्सनं खेळ न थांबवता गोल केला. मैदानावर हमरीतुमरी झाली. बिएल्सांनी सीमारेषेवरून ओरडून आपल्या संघाला सांगितलं, त्यांना गोल करू द्या. व्हिलाचा खेळाडू चेंडू घेऊन चालत गेल्यासारखा गेला आणि लीड्सच्याच एका बचावपटूला ते सहन न होऊन त्यानं त्याला अडवायचा प्रयत्नही केला. सामना 1-1 असा सुटला. थेट बढती मिळण्याची लीड्सची उरलीसुरली आशाही त्या बरोबरीनं संपली. खरं सांगायचं तर ती आशा आधीच अगदी अंधूक होती, पण म्हणून त्या कृतीचं मोल कमी होत नाही. त्या वर्षीचा फिफाचा खिलाडूवृत्तीचा पुरस्कार बिएल्सा आणि त्यांच्या संघाला त्यासाठीच मिळाला.

पुढच्या वर्षी, जुलै 2020 मध्ये, लीड्स 93 गुण मिळवून दुसऱ्या श्रेणीत पहिलं आलं. सोळा वर्षांचा वनवास संपला. शहरातल्या बाजारपेठेतल्या एका गल्लीवर ‘मार्सेलो बिएल्सा वे’ अशी पाटी लागली. भिंतींवर त्यांची भलीमोठी चित्रं आली. एका चित्रात तर ते रिओतल्या ख्रिस्ताच्या पुतळ्यासारखे हात पसरून उभे आहेत.

या साऱ्या कथेतली गंमत पुढेच आहे, आणि माझ्या मते त्या फेब्रुवारीतल्या गाण्याचं रहस्यही इथेच दडलेलं आहे. ज्या दिवशी बढती मिळाली त्या दिवशी एलँड रोडची दारं बंद होती. करोनाचे दिवस. सोळा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो लोकांनी घरात बसून टीव्हीवर बघितला. त्याच्या पुढचा, 2020-21 चा हंगामही जवळजवळ पूर्ण रिकाम्या मैदानांवर झाला. आणि तोच बिएल्सांचा सर्वांत देखणा हंगाम! नुकताच वर आलेला संघ थेट नववा आला, वाऱ्यासारखा पळत, बड्याबड्यांना घाम फोडत. हे सगळं झालं ओस खुर्च्यांपुढे. अखेरच्या घरच्या सामन्याला तेवढे आठेक हजार लोक आत जाऊ शकले.

म्हणजे टाळी वाजवायची तेव्हा हातांना जागा नव्हती. एलँड रोड पूर्ण भरलं ते ऑगस्ट 2021 मध्ये, आणि नेमकं तेव्हापासून घसरगुंडी सुरू झाली. आभार मानायचे राहून गेले होते आणि आभार मानावेत असे निकालच आता येत नव्हते. ज्याचे आभार मानायचे तो माणूस मात्र तिथेच होता, वीस-तीस पावलांवर, बादलीवर बसलेला. लोकांनी निकालाची वाट पाहिली नाही.

संघ का कोसळला, याचंही उत्तर मजेशीर आहे. बहुतेक संघ बचाव करताना मैदानाचे भाग वाटून घेतात: हा तुकडा तुझा, तो माझा. बिएल्सांचा संघ माणसं वाटून घ्यायचा. प्रत्येकानं समोरच्या एकाला धरायचं आणि तो जाईल तिथे सावलीसारखं जायचं, मैदानभर. यात अकरा जण तरतरीत असतील तर प्रतिस्पर्ध्याला श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. पण ही साखळी आहे. एक कडी निसटली की समोरचा एक खेळाडू मोकळा सुटतो, त्याला गाठायला शेजारचा आपला माणूस सोडून धावतो, आणि बघता बघता सगळा बचाव उघडा पडतो. त्या हंगामात कर्णधार लियम कूपर, मधल्या फळीचा कणा असलेला कॅल्व्हिन फिलिप्स आणि मुख्य आक्रमक पॅट्रिक बॅमफर्ड, तिघंही दुखापतींनी महिनोन्‌महिने बाहेर होते. ज्या पद्धतीनं क्लबला वर नेलं त्याच पद्धतीनं वीस गोल दिले. बिएल्सांनी ती बदलली नाही. हा त्यांचा दोष होता का? काही अंशी होताच, असं मला वाटतं. पण स्टँडमधल्या लोकांना ठाऊक होतं, की हे घ्यायचं तर तेही घ्यावं लागतं.

आता लोकांच्या मनाकडे वळू. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत एक साधी मोजणी केली आणि 1976 साली ती प्रसिद्ध केली. शनिवारी विद्यापीठाचा संघ अमेरिकन फुटबॉलचा सामना खेळायचा आणि सोमवारी वर्गात किती विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येतात हे कुणीतरी गुपचूप मोजायचं. संघ जिंकला असेल तर असे कपडे जास्त दिसत. मग त्यांनी फोनवर विद्यार्थ्यांना सामन्याचं वर्णन करायला सांगितलं. जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना ‘आपण’ जास्त वेळा यायचं, हरलेल्या सामन्याबद्दल बोलताना ‘ते’.

मराठी घरांत हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. क्रिकेटच्या दुसऱ्या दिवशी ‘आपण जिंकलो’ आणि ‘हरले साले’ ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून ऐकलेली असतात. उलट आपल्या भाषेत एक बारकावा आहे जो इंग्रजीच्या एका शब्दात मावत नाही: ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो.

या चित्राला पुढे एक जोड मिळाली. 1990 मध्ये डॅनियल वॉन आणि नायला ब्रॅन्सकोम्ब या दोघांनी दाखवून दिलं की ज्यांची संघाशी नाळ फार घट्ट जुळलेली असते, ते हरल्यावर ‘ते’ म्हणत नाहीत. अंतर राखणं त्यांना जमतच नाही. संघापासून स्वतःला सोडवून घ्यायचं म्हणजे स्वतःचाच एक भाग कापून टाकायचा. एलँड रोडवर त्या दिवशी बिएल्सा ‘आपण’मध्ये होते. हरत होतो ते आपण, आणि आपल्यातल्याच एका माणसाला आधाराची गरज होती.

आणि गाणंच का? 2009 मधल्या एका प्रयोगात स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ या संशोधकांनी काही लोकांना एकत्र, एका तालात कॅनडाचं राष्ट्रगीत म्हणायला लावलं आणि नंतर पैशांचा एक खेळ दिला, ज्यात एकमेकांवर भरवसा ठेवला तरच सगळ्यांचा फायदा होतो. जे तालात गायले होते त्यांनी जास्त सहकार्य केलं. एकमेकांना न ओळखणारी माणसं काही मिनिटं एका सुरात गातात आणि त्यांच्यातली भिंत पातळ होते! वारीत चाललेल्या माणसाला हे प्रयोगाविना कळलेलं असतं. फुटबॉलच्या स्टँडमध्ये चार टोकांना विखुरलेल्या माणसांना आपापलं दुःख एकेकट्यानं गिळण्यावाचून गत्यंतर नसतं. पण कुठल्या तरी कोपऱ्यात दहा जण नाव घेतात, शेजारचे शंभर उचलतात, आणि काही सेकंदांत छत दणाणतं. तेवढ्या वेळापुरता गुणफलक दुय्यम होतो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, क्लबनं बिएल्सांना पदमुक्त केलं.

संचालकांची भीती खोटी नव्हती, हे मान्य करायला हवं. प्रीमियर लीगमधून खाली जाणं म्हणजे कोट्यवधी पौंडांचं उत्पन्न बुडणं. पण मॅनेजर बदलल्यानं खरंच काय होतं, यावर डच अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी केलेला अभ्यास विचार करायला लावणारा आहे. त्यांनी नेदरलँड्सच्या पहिल्या श्रेणीतले 1986 ते 2004 पर्यंतचे हंगाम तपासले. मॅनेजरला काढण्याआधी संघाची कामगिरी घसरलेली असते आणि काढल्यावर सुधारते, हे दिसलंच. मग त्यांनी तशाच घसरणीत सापडलेले, पण मॅनेजरला न काढलेले संघ शेजारी ठेवून पाहिले. ते संघही तितकेच सावरले होते! कमी गोलांच्या या खेळात नशिबाचा वाटा मोठा असतो. वाईट दिवसांची रांग लागते आणि बहुतेकदा आपोआप संपते. ती संपायच्या वेळी जो नवा माणूस खुर्चीत बसलेला असतो, श्रेय त्याच्या पदरात पडतं.

लीड्सच्या बाबतीत काय झालं असतं हे या अभ्यासावरून सांगता येत नाही. जे झालं ते असं: अमेरिकन मॅनेजर जेसी मार्श आले आणि 22 मे रोजी, हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवशी, ब्रेंटफर्डला 2-1 हरवून संघ कसाबसा वाचला. पुढच्या वर्षी तो खाली गेलाच.

पण मला राहून राहून आठवतात ते मधले दिवस. पदावरून दूर झाल्यावर बिएल्सांना भेटायला थॉर्प आर्चच्या फाटकाशी लोक जमले. ते येणाऱ्या प्रत्येकाजवळ थांबत होते, सह्या देत होते, फोटोला उभे राहत होते. जवळपास चार वर्षं त्यांनी जाहीरपणे इंग्रजी बोलायचं टाळलं होतं, दुभाष्याखेरीज पत्रकारांशी बोलणं होत नसे. फाटकापाशी दुभाष्याची फारशी गरज पडली नसावी. आणि मार्चमध्ये, नवे मॅनेजर सीमारेषेवर उभे राहून हातवारे करत असताना, स्टँडमधून पुन्हा ते जुनंच नाव उठलं. निळी बादली तेव्हा तिथे नव्हती.