फॉर्म १६ मिळाला नाही तर

न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डांत बरेच जण कंत्राटदाराकडे कामाला असतात. कंत्राट बदललं, जुना मालक फोन उचलेनासा झाला, की फॉर्म १६ अडकतो. विवरणपत्र मात्र त्याशिवायही भरता येतं. वर्षभराच्या पगारपावत्या काढा. नसतील तर पासबुक. पण पासबुकात हाती पडलेलाच पगार दिसतो; त्यात कापलेला कर आणि तुमचा पीएफ मिळवावा लागतो. कापलेला कर आयकर खात्याच्या संकेतस्थळावर ‘२६एएस’मध्ये सापडतो.

तिथे नोंदच नसेल तर? घाबरू नका. पगारातून कापलेला कर मालकाने सरकारजमा केला नाही, म्हणून तो नोकरदाराकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केलं. त्यासाठी ‘टीडीएस’चा रकाना असलेली पगारपावती हाताशी हवी.