पहिला ॲनिमे कोणता बघू? माझं उत्तर: फ्रीरेन

आजचा भाग एकाच प्रश्नावर. ऑफिसच्या कँटीनपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे मला हा प्रश्न येतो: "ॲनिमे कधी बघितलेला नाही, सुरुवात कुठून करू?"

बहुतेक जण डोळे झाकून डेथ नोट सांगतात. वाईट उत्तर नाही, ३७ भाग आहेत आणि पहिल्याच भागात गोष्ट मानगूट पकडते. कुणी वन पीस सांगतं, मग समोरचा हजाराच्या वर भाग बघून पळूनच जातो. मी मात्र फ्रीरेन सांगतो. पूर्ण इंग्रजी नाव फ्रीरेन: बियॉन्ड जर्नीज एंड. पहिल्या सीझनचे २८ भाग, एकेक साधारण चोवीस मिनिटांचा. पण नुसतं नाव सांगून भागत नाही. लोक दीड भाग बघतात आणि मेसेज करतात, "अरे, यात काही घडतच नाही!" म्हणून आज नीट सांगतो, यात नेमकं काय घडतं.

ही गोष्ट सुरू होते ती जिथे बाकीच्या संपतात तिथून. चौघांनी मिळून राक्षसांच्या राजाला मारलंय आणि दहा वर्षांचा प्रवास संपवून ते घरी परततायत. हिमेल हा वीर, हायटर पुजारी (आणि पक्का दारुडा), आयझेन हा बुटका योद्धा, आणि फ्रीरेन ही जादूगार. बाकी सगळं आपल्या ओळखीचं, पण फ्रीरेन एल्फ आहे. हजार वर्षांहून जास्त जगलीये, दिसते मात्र कॉलेजातल्या मुलीसारखी. परतल्या रात्री आकाशात उल्कावर्षाव होतो, दर पन्नास वर्षांनी होणारा. फ्रीरेन सहज म्हणते, पुढच्या वेळी याहून चांगल्या जागेवरून दाखवते. आणि निघून जाते.

पन्नास वर्षांनी ती खरंच येते. हिमेल म्हातारा झालेला असतो, डोक्यावर एक केस नाही. सगळे मिळून उल्का बघतात. थोड्याच काळात हिमेल जातो. त्याच्या अंत्यविधीला फ्रीरेनला रडू फुटतं, कारण दहा वर्षं सोबत राहूनही हा माणूस कोण होता हे तिला माहीतच नसतं. हे सगळं पहिल्याच भागात आहे, त्यामुळे स्पॉयलर दिला म्हणून ओरडू नका.

इथे एक छोटं गणित करा. हजारातली दहा वर्षं म्हणजे एक टक्का. मी अठ्ठावीस वर्षांचा. माझ्या आयुष्याचा एक टक्का म्हणजे जेमतेम साडेतीन महिने, एक इंटर्नशिप! तुमच्या इंटर्नशिपमधल्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं आडनाव आठवतंय? फ्रीरेन थंड आहे, तिला भावना नाहीत, असं जे म्हणतात त्यांनी हे गणित केलेलं नाही. तिच्या हिशेबाने तिने काहीच चुकीचं केलं नव्हतं. फक्त समोरच्याचं घड्याळ वेगळं होतं.

इथून पुढे ती माणसांना समजून घ्यायला जुन्याच वाटेवर पुन्हा निघते. सोबत फर्न नावाची शिष्या आणि नंतर स्टार्क हा आयझेनचा शिष्य. प्रत्येक गावात हिमेलची काहीतरी खूण सापडते, एखादा पुतळा, एखादं फूल, त्याने कुणाचं तरी केलेलं एखादं बारकं काम. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पडद्यावर येणारी वर्षं. यात वर्ष मोजतात ते हिमेलच्या मृत्यूपासून: इतकी वर्षं झाली, तितकी वर्षं झाली. आमच्याकडे कंप्युटर १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतात, तसं हिचं शून्य म्हणजे तो दिवस. कुणी काही बोलत नाही, नुसती एक ओळ येते आणि जाते. माझ्या घशात तिथे दर वेळी आवंढा येतो.

याचा माझ्यावर झालेला एक परिणाम सांगतो. आजीला रविवारी फोन करतो तेव्हा जेवण-तब्येत झालं की आता मी एक जास्तीचा प्रश्न विचारतो. मागच्या महिन्यात कळलं की लग्नाआधी ती गावात मुलींची कबड्डी खेळायची आणि एकदा दात पाडून घेतला होता. घरात कुणालाच माहीत नव्हतं, बाबांनासुद्धा.

बरं, आता इंजिनियर मंडळींसाठी तिसरा भाग. ऐंशी वर्षांपूर्वी क्वाल नावाच्या राक्षसाने झोल्ट्राक ही जादू शोधलेली असते. कुठल्याही ढालीतून आरपार जाणारी, समोरचा मेलाच. तेव्हा त्याला मारता आलं नाही म्हणून नुसता बंदिस्त करून ठेवलेला. आता तो जागा होतो, तीच जादू फेकतो आणि फर्न ती आरामात अडवते. का? तर मधल्या काळात माणसांनी त्या जादूचा इतका अभ्यास केला की तिच्यावर तोड निघाली, आणि ती स्वतः माणसांची रोजची साधी हल्ल्याची जादू होऊन बसली. म्हणजे बघा, एकेकाळचा झिरो-डे आता पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये शिकवतात. माणसं लवकर मरतात म्हणून घाईने शिकतात, हे या सिरीजने एका मारामारीत सांगून टाकलं.

मूळ मांगा कानेहितो यामादा यांनी लिहिलेली आणि त्सुकासा आबे यांनी काढलेली, २०२० पासूनची. ॲनिमे बनवला मॅडहाउसने, म्हणजे डेथ नोटवाल्यांनीच. दिग्दर्शक केइइचिरो साइतो, आधी बोची द रॉक केलेले. संगीत इव्हान कॉलचं, त्यासाठी इयरफोन लावाच. आणि जर्मन शिकलेल्यांना आणखी मजा: हिमेल म्हणजे आकाश, आयझेन म्हणजे लोखंड, स्टार्क म्हणजे बलवान, फर्न म्हणजे दूर. फ्रीरेन म्हणजे थंडीने गारठणं!

तक्रारही आहे. अठराव्या भागापासून जादूगारांची परीक्षा सुरू होते, एकदम वीसेक नवीन चेहरे येतात आणि प्रवासाची ती निवांत लय तुटते. बऱ्याच जणांना तोच भाग सगळ्यात भारी वाटतो, मला नाही. तिथे कंटाळा आला तर आठवडाभर थांबा, पण सोडू नका.

आता बघायचं कसं? २९ सप्टेंबर २०२३ ला जपानमध्ये निप्पॉन टीव्हीने पहिले चार भाग एकाच रात्री, सिनेमाच्या वेळेत, सलग दाखवले होते. तुम्हीही तेच करा. चार भाग मिळून एक सिनेमा समजा, चौथ्याच्या शेवटी गोष्ट कुठे जाणार ते कळतं. क्रंचीरोलवर आहे. इंग्लिश डब चांगला आहे, पण मी जपानी आवाजच सांगेन, फर्न चिडल्यावरचा तिचा सूर डबमध्ये तितका लागत नाही. लोकलमध्ये, बसमध्ये, दीडपट स्पीडने बघू नका प्लीज. या सिरीजमध्ये गप्प बसलेल्या जागाच जास्त महत्त्वाच्या आहेत.

चार भाग झाले की मला कळवा, कुणाचं पात्र आवडलं ते. माझा हायटर. भेटू पुढच्या शनिवारी.